समुद्रावरचा कागद

आमचें लोटे गांव खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान महामार्गावर आहे. येथील कारखान्यांतलीं रसायनें पिंपांत भरून न्हावा शेवा बंदराकडे जातात. त्यांच्याबरोबर बीजक, वेष्टनयादी, जोखमीच्या मालाचें घोषणापत्र आणि शिपिंग बिल इतके कागद लागतात, कीं नवशिका कारखानदार कपाळाला हात लावतो. परंतु या कागदांचें कूळ फार जुनें आहे, आणि त्याची झळ प्रथम ज्यांना लागली त्यांत आमच्याच वाशिष्ठीच्या मुखावरचें दाभोळ होतें.

दाभोळ हें तेव्हां आदिलशाहीचें भरभराटीचें बंदर. तांबडा समुद्र आणि इराणचें आखात यांच्याशीं त्याचा व्यापार चाले. १५०८ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा यानें तें लुटून जाळलें. त्याच वर्षीं चौलच्या लढाईंत त्याचा मुलगा मारला गेला होता. त्याचा सूड घेण्यास तो दीवकडे निघाला होता, आणि दाभोळ वाटेंत सांपडलें. पुढें समुद्रांत निघणाऱ्या प्रत्येक देशी गलबतानें पोर्तुगीजांचा ‘कार्ताज’ नांवाचा परवाना बाळगावा असा दंडक बसला. त्यांत गलबताचें नांव व आकार, नाखव्याचें नांव, बरोबरचीं शस्त्रें आणि जाण्याचें ठिकाण लिहिलेलें असे. मिरी नेऊं नये, पोर्तुगीजांच्या शत्रूंस गलबतांत घेऊं नये, अशा अटी असत. कार्ताजाची फी किरकोळ होती. खरी मेख पुढेंच होती: गलबतानें पोर्तुगीज ठाण्यावर लागून तेथील जकात भरली पाहिजे. कागद नसला कीं गलबत व माल दोन्ही जप्त. ज्यानें समुद्र निर्माण केला नाहीं, त्यानें त्यावर फिरण्याचा परवाना विकावा, याला मी तरी राज्यकारभार म्हणणार नाहीं. मोगल बादशहाचीं जहाजेंही यांतून सुटलीं नाहींत. कार्ताजावर मेरी व येशू यांचीं चित्रें असल्यामुळें तो घेऊन हजला जाणें योग्य कीं अयोग्य, असा वाद अकबराच्या दरबारांतील उलेमांत झाल्याचें बदायुनीनें नमूद केलें आहे.

आपल्या बाजूचा विचार प्रथम जकातीच्या द्वारें दिसतो. १६७१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कुडाळचा सरसुभेदार नरहरि आनंदराव यास मिठाविषयीं पत्र लिहिलें. बारदेशचें मीठ स्वस्त पडूं लागलें तर व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वराकडील मिठाचा धंदा बुडेल. म्हणून परक्या मिठावर भारी जकात बसवावी, असा त्याचा आशय आहे. स्वदेशी मालाचें जकातीनें रक्षण करण्याचा हा विचार आपल्या रत्नागिरीच्या आगरांसाठीं झाला होता, हें आमच्या मुलांना शाळेंत ठासून सांगावयास हवें.

कान्होजी आंग्र्यांनीं मात्र समुद्रावरच दस्तक चालविलें. मुंबईकर इंग्रज स्वतःच्या परवान्याखालीं देशी व्यापाऱ्यांचाही माल नेऊं पाहात; कान्होजी म्हणत, तो तुमचा माल नव्हे, त्यास आमचें दस्तक पाहिजे. इंग्रजांनीं त्यांस चांचे म्हटलें. पण इंग्रज व पोर्तुगीज स्वतः परवानेच विकीत होते; आणि १७२१ मध्यें हेच दोघे एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले व हात हालवीत परत गेले. निःपक्षपातानें इतकेंही सांगितलें पाहिजे, कीं आंग्र्यांचें दस्तक नसलेल्या गरीब तांडेलाला त्यांचा धाक पोर्तुगीजांच्या धाकाहून सौम्य वाटत नसेल.

ही ओढाताण आमच्या शेजारच्या परशुराम क्षेत्रालाही भोंवली. अंजनवेल व गोवळकोट सिद्दी सात याच्या ताब्यांत होते. त्याच्यासाठीं ब्रह्मेंद्रस्वामींनीं सावनूरच्या नबाबाकडून हत्ती मिळविला. तो वाटेंत आंग्र्यांच्या माणसांनीं अडविला. एका सत्तेचा शब्द दुसऱ्या सत्तेच्या चौकीवर चालत नसे! स्वामी आंग्र्यांना सामील आहेत असें सिद्दीस वाटलें, आणि १७२७ च्या महाशिवरात्रीस त्यानें परशुरामाचें देवालय लुटलें. स्वामी कोंकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीस गेले. एका अडविलेल्या हत्तीपायीं एवढें घडलें.

इंग्रजी अमलांत १८७८ चा सागरी जकातीचा कायदा झाला, आणि स्वतंत्र भारतांत त्याची जागा १९६२ च्या कस्टम कायद्यानें घेतली. शिपिंग बिल आतां संगणकावर भरतात. माल निषिद्ध नाहीं व शुल्क असल्यास तें भरलें आहे, अशी खात्री झाल्यावर अधिकारी तो जहाजावर चढविण्यास परवानगी देतो. आजच्या कारखानदाराची कागदांविषयींची तक्रार खोटी आहे असें नाहीं. पण अधिकाऱ्याचा हुकूम त्यास अमान्य असेल तर साठ दिवसांच्या आंत वरिष्ठांकडे अपील करण्याचा हक्क कायद्यानेंच दिला आहे. दाभोळच्या नाखव्याचें गलबत जप्त झालें, तर जप्त करणारा तोच न्यायाधीश असे.