टाकीच्या लेपाची कुळकथा

मोटारसायकलीची मूळ टाकी काढून बाजारातली दुसरी टाकी चढवायची म्हटली की कामाचे दोन भाग पडतात. पहिला डोळ्यांना दिसतो. टाकीखालचा बोगदा चौकटीच्या नळीवर नीट बसतो का, हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला घासते का, रबरी गाद्या जागेवर येतात का, पेट्रोल कॉकचे आटे जुळतात का, झाकणातले हवेचे छिद्र मोकळे आहे का, हे सगळे त्यात आले. दुसरा भाग टाकीच्या पोटातला. आत आम्ल फिरवून गंज काढायचा, धुऊन कडकडीत वाळवायचे, मग रेझिनचे द्रावण ओतून टाकी सगळ्या अंगांनी फिरवायची, उरलेले निथळू द्यायचे आणि आतला थर घट्ट होईपर्यंत काही दिवस हात लावायचा नाही. हा लेप एकदा बसला की टाकीची चिंता मिटली, असे मानण्याची पद्धत आहे. लेपाचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. टाकी गळू नये म्हणून आजवर जे जे वापरले गेले, ते त्या त्या काळच्या इंधनापुरतेच टिकाऊ होते. इंधन बदलले की जुना, चांगला म्हणून नावाजलेला उपायच दुखणे होऊन बसला. म्हणून टाकी कोणत्या गाडीची, या प्रश्नाइतकाच तिच्यात काय भरले जाणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

अगदी सुरुवातीला टाकी ही आजच्या अर्थाने टाकी नव्हतीच. गॉटलिब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये कानश्टाट येथे लाकडी चौकटीची पहिली पेट्रोल-दुचाकी बनवली, तिच्यात द्रव इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफेचे मिश्रण तयार केले जाई. १८९४ पासून म्युनिकमध्ये तयार होऊ लागलेल्या हिल्डेब्रांड-वुल्फम्युलर या पहिल्या कारखानी मोटारसायकलीचेही तेच. इंधन साठवायचे भांडे आणि वाफ बनवायचे भांडे यांत फारसा भेद नव्हता. मायबाखने १८९३ च्या सुमारास फवारा उडवणारा कार्बुरेटर आणला आणि ही पद्धत मागे पडत गेली. आता टाकीचे काम एकच उरले: पेट्रोल नुसते धरून ठेवायचे आणि नळीतून खाली सोडायचे. गळती हा स्वतंत्र प्रश्न झाला तो इथून पुढे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या टाक्या चपट्या पेटीसारख्या असत आणि चौकटीच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये पट्ट्यांनी आवळलेल्या असत. कथलाचा मुलामा दिलेला पत्रा कापायचा, कडा दुमडायच्या आणि सांध्यांना डाख लावायचा, ही त्यांची बांधणी. पोटात एक आडभिंत घालून एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे तेल भरत. या कामामागचे तत्त्व आपल्याकडच्या कल्हईचेच होते. तांब्यापितळेच्या भांड्याला नवसागर टाकून कथलाचा हात फिरवतात तो आतल्या आंबट पदार्थाची आणि तांब्याची गाठ पडू नये म्हणून. टाकीतही कथील आणि शिसे यांचा थर लोखंडी पत्र्याला पाण्यापासून वाचवी आणि पेट्रोलशी त्याचे काहीच भांडण नसे. पुढे मोटारगाड्यांच्या टाक्यांसाठी शिसे-कथलाचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरला गेला, तोही याच हिशोबाने. जुन्या ब्रिटिश कॉकमधले बूच असेच निवडलेले होते. ते भिजलेले असेपर्यंत फुगून घट्ट बसे, गाडी महिनोन्‌महिने उभी राहून कोरडे पडले की झिरपू लागे. टाकीतली प्रत्येक वस्तू अशी शुद्ध पेट्रोलचा स्वभाव ओळखून घेतलेली होती. तो स्वभाव पुढे बदलेल, हे मात्र त्या निवडीत धरलेले नव्हते.

१९२० च्या दशकात चौकटीच्या वरच्या नळीवर दोन्ही बाजूंनी उतरणारी खोगीर-टाकी आली. ब्रॉ सुपीरियरसारख्या महागड्या गाड्यांनी ती आधी मिरवली आणि दशक संपता संपता बहुतेक ब्रिटिश कारखान्यांनी तिला आपले केले. तिचे गोल घाट पत्रा दाबून बनवावे लागत आणि सांधे वितळजोडाने पक्के करावे लागत. सांधा बळकट झाला, पण वेल्डिंगच्या आचेने मुलामा जळून जाई आणि साध्या पत्र्याच्या टाकीत तो नसेच. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतली पाण्याची वाफ रात्रीच्या गारव्याने पत्र्यावर थेंब होऊन बसे, पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसे आणि नेमका तिथलाच पत्रा सुईच्या अग्राएवढ्या भोकांनी कुजे. ही भोके पुन्हा वेल्डिंगने बुजवणे धोक्याचे होते. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरी ठिणगीने स्फोट होतो. वारंवार धुतल्यावरही दुमडीत अडकलेले चार थेंब पुरतात. थंड उपायांचे आकर्षण इथून आले. रस्त्यावर गळकी टाकी तात्पुरती थांबवायला साबणाची वडी घासण्याचा जुना तोडगा आजही चालतो, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तोच साबण अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतो. पारदर्शक साबण बनवण्याची जुनी रीत त्यावरच उभी आहे. गळती रोखणाऱ्या वस्तूने एकच अट पाळायची असते, आत आहे त्यात विरघळू नये. आत काय आहे ते बदलले की अटही बदलते.

आतून लेप देण्याच्या पद्धतीचे जवळचे भाऊबंद विमानांत सापडतात. १९२० च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस सिटीत जोसेफ पॅट्रिक हा रसायनज्ञ मोटारींच्या पाण्यासाठी स्वस्त गोठणरोधक शोधत होता. हाती आला तो उग्र वासाचा, कोणत्याही द्रावकाला दाद न देणारा चिकट गोळा. हेच थायोकॉल, गंधकयुक्त कृत्रिम रबर. १९४० च्या दशकात त्याचे द्रवरूप प्रकार निघाले. विमानाचा पंखच इंधनाची टाकी म्हणून वापरायचा तर हजारो रिव्हेटांचे सांधे बंद करणे भाग होते आणि ते काम या पदार्थाने केले. जर्मनीत १९३० च्या दशकात आलेले नायट्राइल रबर तेल-पेट्रोलात तग धरणारे निघाले. त्याचे पातळ द्रावण छोट्या टाक्यांत ओतून, टाकी फिरवून, उरलेले काढून टाकण्याची रीत विमानकामात रुळली. मोटारसायकलीच्या टाकीत आज जे केले जाते ते हुबेहूब तेच आहे. पदार्थ तेवढे बदलत गेले: आधी द्रावक उडून सुकणारे पातळ लेप, मग हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारी पॉलियुरेथेन, मग दोन डब्यांची इपॉक्सी.

मूळ कारखान्याबाहेरच्या टाक्यांची बाजारपेठ शर्यतींमुळे वाढली. १९५० आणि १९६० च्या दशकांत ब्रिटनमधल्या तरुणांना गाडी हलकी आणि लांबोडकी हवी होती. हाताने ठोकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या महाग पडत, म्हणून काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनच्या टाक्या आल्या. साचा एक बनवला की हव्या तितक्या काढा. पॉलिएस्टर त्या काळच्या पेट्रोलला पुरेसे होते, पण अपघातात ते पत्र्यासारखे वाकत नाही, तडकते. ब्रिटनने १९७० च्या दशकात रस्त्यावरच्या नव्या पेट्रोल-गाड्यांची टाकी धातूचीच हवी असा नियम केला. १९७९ पासून पॅरिस-डाकारसारख्या वाळवंटी शर्यतींनी मोठ्या टाक्यांची मागणी निर्माण केली. बी.एम.डब्ल्यू.च्या आर-८० जी/एस गाडीची डाकार आवृत्ती ३२ लिटरची टाकी घेऊन विक्रीला आली आणि इटलीतील आचेर्बिससारख्या उत्पादकांनी पॉलिइथिलीनच्या टाक्या विकायला सुरुवात केली. या टाकीला सांधा नाही, गंज नाही, म्हणून लेपही नाही. तरी प्रश्न सुटला नाही. पेट्रोलचे रेणू पॉलिइथिलीनच्या भिंतीतून हळूहळू बाहेर झिरपतात, टाकीवरचे स्टिकर फुगे येऊन सुटतात ते त्यामुळेच. अमेरिकेने २००८ च्या मॉडेलपासून अशा झिरपण्यावर दर चौरस मीटरला दिवसाला दीड ग्रॅमची मर्यादा घातली. म्हणजे गळतीची व्याख्याच बदलली. थेंब टपकला नाही तरी टाकी गळू शकते.

मग इंधन बदलले. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट या राज्यांनी २००४ च्या सुरुवातीपासून पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या एम.टी.बी.ई. या रसायनावर बंदी घातली आणि त्याच्या जागी एथेनॉल आले. लाँग आयलंडच्या परिसरातल्या जुन्या मोटारबोटींच्या काचतंतूच्या टाक्या तेव्हा बिघडू लागल्या. रेझिनमधले घटक एथेनॉलने ओढून घेतले, ते इंजिनात जाऊन व्हॉल्व्हांवर काळा चिकट थर बसला. या टाक्या कित्येक वर्षे निर्धोक चालल्या होत्या. बोट तीच, टाकी तीच, पाणीही तेच. बदलले होते एकटे इंधन. अमेरिकी ऊर्जा विभागाची ८५ टक्के एथेनॉलच्या इंधनासाठीची मार्गदर्शिका पाहिली तर जस्त, शिसे, शिसे-कथलाचा मुलामा, शिशाचा डाख, बूच, पॉलियुरेथेन आणि काही नायलॉन हे सगळे न चालणाऱ्या पदार्थांच्या यादीत सापडतात. एका काळी टाकीचे रक्षण करणारी बहुतेक मंडळी या एकाच यादीत एकत्र येतात, ही गोष्ट बोलकी आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ८५ टक्क्यांची यादी आपल्या पंपांवरच्या २० टक्के एथेनॉलच्या पेट्रोलला कशी लावायची? सरसकट लावता येत नाहीच. हानीचा वेग प्रमाणाबरोबर बदलतो आणि काही पदार्थ कमी मिश्रणात वर्षानुवर्षे टिकतात. पण लाँग आयलंडच्या बोटींत एथेनॉल होते दहा टक्क्यांच्या आसपास. शिवाय एथेनॉल पाणी ओढते. दहा टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मावते, त्याहून जास्त झाले किंवा थंडी पडली की पाणी आणि एथेनॉल एकत्र खाली बसतात. टाकीच्या तळाला मग मूळ मिश्रणापेक्षा कितीतरी जास्त अल्कोहोलचा, पाणी मिसळलेला थर भेटतो. सरासरी प्रमाण वीस टक्के असले तरी तळाच्या पत्र्याला सरासरी भेटत नाही. दुसरा आक्षेप मेकॅनिकचा आणि जास्त वजनदार: टाक्या फुटतात त्या थरथरीने आणि चुकीच्या बसवणुकीने, रसायनाचे कौतुक कशाला? यात तथ्य आहे. रबरी गादी नसलेली टाकी बोल्टच्या कानापाशी तडकणारच, तिथे जगातला कोणताही लेप हात टेकेल. पण तडा एका जागी, कानाशी किंवा सांध्याशी पडतो. लेपाचे पापुद्रे मात्र सगळ्या पोटभर सुटतात आणि कॉकच्या जाळीत अडकतात. दोन दुखण्यांची खूण वेगळी आहे, म्हणून त्यांची कारणेही वेगळी धरावी लागतात. तिसरे म्हणणे असे की लेप निघतो तो गंज नीट न काढल्याने. तेही अनेकदा खरे. तरी स्वच्छ पत्र्यावर नीट बसलेला जुना द्रावक-लेपसुद्धा एथेनॉलमध्ये मऊ पडतो. कामाचा दर्जा सुधारून पदार्थाची विद्राव्यता बदलत नाही.

महाराष्ट्राला ही कुळकथा परकी नाही. पेट्रोलमध्ये एथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, त्यातली दोन ठिकाणे मिरज आणि मनमाड. २००३ मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये देशभर दहा टक्के गाठले आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून निघालेले हे इंधन आता जुन्या बुलेट, जावा, येझदीच्या टाक्यांत जाते, ज्या टाक्या आणि ज्यांचे लेप त्याच्या आधीचे आहेत. उपाय नाहीत असे नाही. एथेनॉलला टिकणारा मुलामा आतून दिलेला पत्रा, नोव्होलॅक प्रकारची दाट विणीची इपॉक्सी, एथेनॉल सोसणारे फ्लुओरो-रबराचे पॅकिंग हे सगळे आज मिळते. ब्राझीलमध्ये २००९ पासून एथेनॉलवरही चालणारी होंडाची मोटारसायकल विकली जाते, म्हणजे कारखान्याला ही टाकी बनवणे जमते. अडचण आहे ती बाजारातल्या टाकीची. तिच्यावर बोगद्याची रुंदी आणि लिटरचा आकडा लिहिलेला असतो, आतल्या थराचे नाव नसते. ते विचारल्याशिवाय टाकी घेऊ नये. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर आत काही आहे असे न धरता साधी पत्र्याची टाकी घ्यावी आणि आपल्या पंपावरच्या पेट्रोलला साजेल असा लेप स्वतः निवडावा. आणि पेट्रोलमधले मिश्रण पुन्हा बदलले तर तो लेपही पुन्हा तपासावा लागेल, हे मनाशी धरून चालावे.