सोर्स खुला आहे, पण बायनरी कोणी बनवली?

"सोर्स कोड खुला आहे, मग भीती कशाची?" हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. आमच्या मते तो अर्धाच खरा आहे. संगणक सोर्स चालवत नाही, त्या सोर्सपासून कंपायलरने तयार केलेली बायनरी चालवतो. वाचायला दिलेला कोड आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम एकच आहेत, हे कशावरून? या प्रश्नाला चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क वापरणाऱ्याला हवा, ही त्यामागची भूमिका. पुढच्याच वर्षी युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांचे ट्युरिंग पुरस्काराचे व्याख्यान प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवले की चोरदरवाजा थेट कंपायलरमध्येच लपवता येतो. असा कंपायलर लॉगिन प्रोग्राम तयार करताना त्यात चोरवाट घालतो आणि कंपायलरची नवी प्रत तयार करताना तीच खोड तिच्यातही उतरवतो. मग सोर्समधून सगळा पुरावा पुसला तरी चोरी चालूच राहते. म्हणजे वाचण्याचा हक्क मिळाला, एवढ्याने विश्वासाचा प्रश्न सुटत नाही.

दुसरी अडचण व्यवहाराची होती. एक प्रोग्राम कंपाईल करायला दहा लायब्ररी लागतात, त्या प्रत्येकीला आणखी चार. ही माहिती मोजक्या जाणकारांच्या डोक्यात असे. इथे पॅकेज मॅनेजरने मोठे काम केले. 1993 मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले, 1994 मध्ये फ्रीबीएसडीची पोर्ट्स पद्धत आली. जाणकारांच्या डोक्यातली कृती फाईलमध्ये लिहून सर्वांसमोर ठेवली गेली. आज डेबियनमध्ये 'अ‍ॅप्ट सोर्स' ही आज्ञा मूळ सोर्स आणि त्यावर केलेले बदल आणून देते. 'अ‍ॅप्ट बिल्ड-डेप' बिल्डसाठी लागणारे सारे साहित्य बसवते. 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' पॅकेज तयार करते. फक्त सोर्सच्या ओळी आधी यादीत चालू कराव्या लागतात.

पण आपण तयार केलेले पॅकेज आणि डेबियनने दिलेले पॅकेज बाइट-न-बाइट जुळेल का? बराच काळ उत्तर 'नाही' असेच होते. कारण बिल्डची वेळ, फोल्डरचा पत्ता, फायलींचा क्रम अशा क्षुल्लक गोष्टी बायनरीत शिरत. 2013 पासून डेबियनच्या स्वयंसेवकांनी हे फरक एकेक करून काढायला घेतले. टॉर ब्राउझरनेही त्याच वर्षी हीच वाट धरली. बायनरी जुळू लागली की डेबियनच्या सर्व्हरवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. कोणीही स्वतः बिल्ड करून हॅश ताडून पाहू शकतो.

कोणी म्हणेल, "सामान्य माणूस कशाला हे करत बसेल?" प्रत्येकाने करायची गरजच नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या काही लोकांनी केले तरी लबाडी उघडी पडते. मात्र ते करण्याची वाट प्रत्येकाला मोकळी हवी.

तरीही रीबिल्ड म्हणजे रामबाण नव्हे. 29 मार्च 2024 रोजी आन्द्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या लायब्ररीतला चोरदरवाजा उघड केला. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्यांना शंका आली होती. घातक भाग चाचणीच्या फायलींत दडवला होता. तो कामाला लावणारी स्क्रिप्ट मात्र गिटमध्ये नव्हती, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती. त्या टारबॉलवरून कितीही प्रामाणिकपणे बिल्ड केले असते, तरी चोरदरवाजाच तयार झाला असता. म्हणून सोर्स कुठून आला, कोणाच्या हातून आला, हेही तपासावेच लागते.

थॉम्पसन यांच्या प्रश्नावरचे कामही थांबलेले नाही. 2023 मध्ये ग्वीक्स या पॅकेज मॅनेजरच्या कार्यकर्त्यांनी अवघ्या 357 बाइटच्या बीज-प्रोग्रामपासून सुरुवात करून कंपायलरसह सारी साखळी सोर्समधून उभी करून दाखवली. एवढे बाइट माणूस स्वतः वाचून तपासू शकतो.

मित्रांनो, परवान्यात लिहिलेला हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो. आपण रोज वापरतो त्यातले एक छोटे पॅकेज निवडा, त्याचा सोर्स आणा, बिल्ड करा आणि ताडून पाहा. जुळले तर विश्वासाला आधार मिळेल. जुळले नाही तर का जुळले नाही, हे विचारा.