हाताची विद्या

केशवापुरास लागूनच बेंगेरी आहे. कर्नाटकाच्या एकीकरणास एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५७ रोजी, स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे कार्य तेथे चालते. हातसुताच्या खादीचा राष्ट्रध्वज येथे प्रमाणाबरहुकूम शिवला जातो आणि देशभर जातो. त्याच ध्वजास आपल्या शाळांतील मुले दरवर्षी वंदन करतात. परंतु त्यांच्यापैकी सुईत दोरा ओवून स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावू शकणारी किती निघतील? भात शिजविणे, महिन्याचा जमाखर्च मांडणे, बँकेचे चलन भरणे, आजाऱ्याचे पथ्य सांभाळणे, या गोष्टींविषयीही हाच प्रश्न विचारता येईल. ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो आम्हांस बोधप्रद वाटतो.

पूर्वी हे शिक्षण घरातच होई, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ते खरे आहे. पण त्या व्यवस्थेचे निव्वळ गोडवे गाणे योग्य नव्हे. तेथे चूल मुलीच्या वाट्यास येई, चोपडी मुलाच्या, आणि रंधा व सुई ठराविक जातींच्या. प्रत्येकास एक विद्या मिळे आणि उरलेल्या विद्यांपासून तो दूर ठेवला जाई. इंग्रजी शाळा आली तेव्हा तिने ही वाटणी मोडली नाही. तिने केवळ लेखणीस वरचे आसन दिले आणि हाताच्या कामास खाली बसविले.

या रीतीविरुद्ध महाराष्ट्रात लवकर उभे राहिलेल्यांत प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर हे एक होत. कोल्हापुरास संस्कृत शिकविणाऱ्या या विद्वानाने १९०६ साली समर्थ विद्यालय काढले. पुढे ते तळेगाव दाभाडे येथे नांदले. स्वभाषा, स्वधर्म यांच्याबरोबर उद्योगाचे शिक्षण मुलांस द्यावे, हा त्या विद्यालयाचा हेतू होता. 'विश्ववृत्त' मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख छापल्याबद्दल विजापूरकरांस राजद्रोहाच्या खटल्यात कारावास भोगावा लागला, आणि १९१० साली सरकारने विद्यालयही बंद केले. हात आणि बुद्धी एकत्र आल्यास परावलंबी प्रजा स्वावलंबी होते, हे त्या सरकारला बहुधा नीट उमगले असावे.

दुसरा प्रयत्न मोठा होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मातृभाषेतून सात वर्षे शिक्षण द्यावे, आणि ते एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावे, असे तिचे सूत्र होते. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे त्या उद्योगास दिली होती. सूत काततानाच मोजमाप, कापसाबरोबर भूगोल, असा तिचा क्रम. पुढे सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाक, सफाई आणि बागकाम हेही अभ्यासाचेच भाग झाले. त्या काळी हुबळी-धारवाड मुंबई प्रांतात होते, आणि प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हे पेशाने सॉलिसिटर. याच योजनेचा विचार करण्यासाठी मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने १९३८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. लेखणीवर पोट असलेल्या मनुष्याने तकलीचा कैवार घ्यावा, याचे आम्हां वकील मंडळींस कौतुक वाटते.

या योजनेत दोष नव्हते असे नाही. मुलांच्या कामाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही अपेक्षा अनेकांस खटकली, आणि मुलांस मजूर बनविण्याची शंका त्यातून निघाली. परंतु ती मागे पडली याचे मुख्य कारण वेगळे आहे. मूलोद्योग शाळा खेड्यातल्या गरिबांसाठी आणि इंग्रजी शाळा आपल्या मुलांसाठी, अशी विभागणी शहरी पालकांनी मनात केव्हाच करून टाकली. ज्या शिक्षणास सुस्थित माणूस आपले मूल पाठवीत नाही, त्यास गरीबही फार दिवस मान देत नाही. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने त्याच तत्त्वास 'कार्यानुभव' हे नाव दिले, १९७७ मध्ये ते 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' झाले. नाव लांबत गेले आणि अनेक शाळांत तास आखडत गेला. विजापूरकरांचे विद्यालय हुकुमाने बंद पडले. नवी तालीम बंद करण्याचा हुकूम कोणीही काढला नाही. ती आईबापांच्या नापसंतीने सुकली.

आज कायदा प्रतिकूल नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे एकोणतिसावे कलम कृतीतून व शोधातून शिकण्याची अपेक्षा धरते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी शिकावे, असे म्हटले आहे. परंतु कलमाच्या आज्ञेने कोणाच्या मुलाचा हात कणकेत जात नाही. त्यासाठी घरच्यांची संमती लागते, आणि आजवर उणीव तिचीच होती.

आमच्या मते या कामी देवस्थानांस पुष्कळ करता येईल. समाराधनेच्या दिवशी शेकडो पानांचा अंदाज, धान्याचे माप, शिधा, चूल, वाढप, स्वच्छता आणि शेवटी हिशेब, एवढे सगळे एका आवारात घडते. असे दुसरे विद्यालय शोधून सापडणार नाही. आज मुले तेथे बहुधा नवी वस्त्रे लेवून पंक्तीस बसतात. त्यांस नारळ खवायला, पाने मांडायला, उष्टी काढायला आणि जमाखर्चाची वही लिहायला बोलवावे. त्यात मुलगा आणि मुलगी हा भेद ठेवू नये, आणि परगावी अधिकारावर असलेल्या गृहस्थांच्या मुलांस सवलत देऊ नये. पुढच्या उत्सवाची कामे वाटताना कार्यकारी मंडळींनी बारा वर्षांवरील मुलांची नावे यादीत घालावी, एवढीच आमची विनंती आहे.