उतरंडीतला हाली रुपया

मराठवाड्यातल्या घरांचा इतिहास कुणी सांगायला बसलं की तो रझाकार, पोलीस ॲक्शन आणि १७ सप्टेंबर १९४८ इथे सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. ते बरोबरच आहे म्हणा. पण त्या दिवशी संध्याकाळीही चुली पेटल्याच असणार, कुणीतरी मिठासाठी पोराला दुकानात पिटाळलंच असणार, आणि त्या पोराच्या मुठीत जे नाणं होतं त्यावर चारमिनार होता. दुसऱ्या दिवशीही तोच होता. निजामाचं राज्य गेलं तरी निजामाचा पैसा काही लगेच गेला नाही. तो आमच्या बिडकीनच्या घरातून कसा गेला, आणि त्याच्या मागोमाग आणखी कोणकोणते पैसे गेले, हे एकदा लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

निमित्त झालं माझ्या भाचीचं. वय वर्षं अकरा. तिला नाणी जमवायचा नाद लागलाय. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाली, "आत्या, जुने पैसे दे. नवे नकोत." (असा वाढदिवस स्वस्तात पडेल असं वाटलं होतं. नाही पडला.)

तर हाली रुपया. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. नाणी तर होतीच, पण १९१८ सालापासून स्वतःच्या कागदी नोटाही होत्या. निजामाचा तो 'हाली' आणि इंग्रजाचा तो 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार. हिशेब कडक ठेवणारे सांगायचे की शंभर कलदारला एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. हा भाव हवेतून आलेला नव्हता. कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी जवळजवळ ९२ टक्के, तर हालीचं वजन थोडं कमी आणि चांदी ८२ टक्क्यांच्या आसपास. गुणाकार करून बघा, सहाला सातच्या जवळ येतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली तेव्हा इंग्रजांनी आपल्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. हालीतलीही कमी झाली. सोनारांना हे अजून पाठ असतं. कुठल्या सालचा रुपया, ते आधी बघतात आणि मग तराजू काढतात.

आमच्या भागात ही दोन चलनं नुसती पुस्तकातली नव्हती. पैठणला गोदावरीच्या या काठाला निजाम आणि पलीकडे शेवगावकडे नगर जिल्हा, म्हणजे इंग्रज. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर. माझी आजी, आम्ही तिला जिजी म्हणायचो, पलीकडची. लग्न होऊन नदी ओलांडून आली ती ओटीत कलदार घेऊन. दिवाळीला तिचा भाऊ लुगडं घेऊन यायचा तेव्हा करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर, गाठोडं सोडून दाखवावं लागे. बहिणीच्या भाऊबिजेवर सरकारची जकात! १९४७-४८ च्या लढ्यात हे नाके जाळले गेले, तेव्हा जिजीला झालेला आनंद फक्त राजकीय नव्हता.

आमच्या आबांचं शिक्षण उर्दूत झालेलं, तेव्हाच्या निजामी मुलखात वरच्या इयत्तांना उर्दूच असायची. त्यामुळे ते नाण्यावरची अक्षरं घडघडा वाचायचे. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं. 'ऐन' असेल तर उस्मान अली खान, 'मीम' असेल तर त्याचा बाप महबूब अली खान. साल हिजरी. सरकारी कागदांवर मात्र फसली साल, त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. भाचीने हिजरीलाही असाच एक आकडा शोधायचा घाट घातला होता. तो जमत नाही. हिजरी वर्ष चांद्र, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे फरक सारखा बदलत राहतो. दोन दिवस वही भरून आकडेमोड केली तिने, आणि शेवटी स्वतःच येऊन मला हे कारण सांगितलं. मला तर वाटतं शाळेच्या गणितापेक्षा हे बरं. तिकिटांचंही तसंच. हैदराबादच्या १९३१ च्या तिकिटांत आठ आण्याच्या तिकिटावर अजिंठा आहे आणि रुपयाच्या तिकिटावर दौलताबाद. आपल्या जिल्ह्याची दोन ठिकाणं पत्रांवर बसून कुठे कुठे फिरत होती! १ एप्रिल १९५० ला निजामाचं टपालखातं भारताच्या टपालात विलीन झालं आणि ती तिकिटं संपली.

आता मुख्य गोष्ट. घरात पैसा असायचा तो आबांच्या बंडीच्या खिशात, हे सगळ्यांना माहीत. पण आणखी एक पैसा असायचा, तो उतरंडीत. नव्या मंडळींसाठी सांगते, उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, मोठं खाली, लहान वर. वरच्यात मीठ-मसाला, मधल्यात डाळी, आणि खालच्या मडक्यापर्यंत पुरुषाचा हात कधी जात नसे. त्यात तुरीखाली फडक्याची पुरचुंडी. दूध-तुपाचे, शेवयांचे, कधी बाजारातून उरलेल्या आण्या-दोन आण्यांचे, भावाने ओवाळणीत टाकलेले. पोरांचे चोचलेही त्यातूनच. पैठणला नाथषष्ठीच्या जत्रेत पिपाणी आणि भिरभिरं घ्यायला आबांनी कधी पैसा दिल्याचं माझ्या वडिलांना आठवत नव्हतं, पण पिपाणी दर वर्षी यायची.

आणि मग दवंडी झाली की हाली जाणार. पन्नास सालापासून भारतीय रुपया आणि हाली काही वर्षं बरोबरीने चालले, हाली हळूहळू काढून घेतला गेला आणि १९५९ मध्ये तो पुरता बाद झाला. आबा खिशातले बदलून आले. जिजीचे काय? बदलायचे तर कुणाच्या तरी हाती द्यायला हवेत, म्हणजे आहेत हे सांगायला हवं. जिजीने बरेच दिवस काढले. शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर उतरंड उतरवली आणि पुरचुंडी आबांपुढे ठेवली. आबा मोजत बसले. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. फक्त म्हणाले, "एवढे?" हा शब्द जिजी आम्हाला सांगायची तेव्हा हुबेहूब त्यांच्या आवाजात सांगायची. बदलून आलेले पैसे बैलाच्या खरेदीत गेले. बैल गरजेचा होता, त्यात वाद नाही. पण तो आबांचा बैल झाला.

जिजीने मात्र सगळे दिले नव्हते. चांदीचे काही रुपये मागे ठेवले. "नोट मरते, चांदी मरत नाही," हे तिचं अर्थशास्त्र.

चलनातला पुढचा गोंधळ १ एप्रिल १९५७ चा. सोळा आणे, चौसष्ट पैसे जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, आणि पाव पैसा कुणी टाकसाळीत पाडलेला नाही! म्हणून कोष्टक केलं. एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. वडील तेव्हा शाळकरी. त्यांनी शोध लावला की आण्याच्या चार वस्तू एकदम घेतल्या तर पंचवीस, पण चार वेळा दुकानात जाऊन घेतल्या तर चोवीसच. एक पैसा वाचतो. त्या एका पैशासाठी त्यांनी वाण्याला किती छळलं असेल देव जाणे. १९६४ मध्ये 'नवा' शब्द सरकारने काढून टाकला, जिजीच्या तोंडून तो शेवटपर्यंत गेला नाही. वजनांचंही तेच. १९६२ पासून किलो सक्तीचा झाला तरी जिजी शेरच मागायची, आणि किलो शेराहून थोडा मोठा असल्याने दुकानदार जास्त पैसे मागतो म्हणून भांडायची.

पण मुलांच्या लेखी नाणं हे दुय्यमच चलन होतं. आमच्या लहानपणापर्यंत, म्हणजे ऐंशीच्या दशकातसुद्धा, पोरांचं खरं चलन ज्वारी. सुगीत बोरंवाली, गारेगारवाला, बांगडीवाली दारात आली की ओंजळभर किंवा वाटीभर ज्वारी घालायची. भंगारावर गारेगार मिळायचं, फुटक्या बाटलीवर मिठाई, आईच्या विंचरलेल्या केसांच्या गुंतवळावर फुगा. त्यामुळे घरात एकही फुटकी बाटली फार दिवस टिकत नसे, आणि काही धड बाटल्याही अचानक फुटत. ॲल्युमिनियमचे एक, दोन, तीन पैसे असायचे ते हलके इतके की पाण्याच्या बादलीत अलगद सोडले तर तरंगायचे. कमळाचा पितळी वीस पैशांचा मात्र कुणी खर्चत नसे, त्यात सोनं आहे अशी बातमी होती. (नव्हतं. तरी माझ्याकडे दोन आहेत.) पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. भाचीच्या डब्यात वजनाने सर्वात जास्त तीच आहेत.

बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल आई सांगते ते वेगळं आहे. तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून झालेले हात हे सगळं सांगतेच. पण त्याबरोबर हेही सांगते की आयुष्यात पहिल्यांदा पगार तिच्या हातात पडला. घरच्या रानात ती रोजच राबत होती, त्याचा कुणी हिशेब ठेवला नव्हता. रोजगार हमीवर हजेरीपटात तिचं नाव आलं, आणि कामाच्या मापाला बाई-पुरुष असा वेगळा दर नव्हता. पुढे १९७७ मध्ये या योजनेचा कायदा झाला. त्या पैशांतलं काही जिजीच्या पुरचुंडीशेजारी गेलं. तोवर उतरंड जाऊन पत्र्याचे डबे आले होते, पण तूर तीच.

हे सगळं लपवायचं कशाला, असं भाचीने विचारलं. चांगला प्रश्न. मी तिला सातबारा दाखवला. आबा, मग वडील आणि काका, मग दादा आणि चुलतभाऊ. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर २००५ मध्ये मिळाला. आमच्या जमिनीचा काही भाग औद्योगिक वसाहतीत गेला तेव्हा मोबदला यायच्या आधी हक्कसोडपत्र आलं. आत्यांनी सह्या केल्या, मीही केली. साडीचोळी झाली, जेवण झालं. कुणी जबरदस्ती केली नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आता तिथे ७,८५५ एकरांवर वसाहत उभी राहते आहे, २९ सप्टेंबर २०२४ ला तिचं लोकार्पण झालं, रुंद रस्ते झालेत. आमचा बांध नेमका कुठे होता ते दादालाही आता दाखवता येत नाही.

मोबदल्याच्या पैशाने घराघरांत काय काय आलं ते बिडकीनच्या कुणालाही विचारा. आमच्याकडे आरसीसी घर, गाडी, मुलांना सायकली. भाचीला पाच वर्षांची असताना एक मोठी बोलणारी बाहुली आली होती, ती आठवड्यात बोलायची थांबली. पण ते असो.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. पाचशे-हजार बाद. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जे झालं ते मला जिजीमुळे आधीच माहीत होतं. घरोघरी डबे उघडले. वहिनीने रव्याच्या डब्यातून, चुलतीने उशीच्या अभ्र्यातून, आईने देव्हाऱ्यामागून नोटा काढल्या आणि घरातल्या पुरुषांच्या हाती दिल्या, कारण रांगेत ते उभे राहणार होते. आणि प्रत्येक घरात तोच शब्द ऐकू आला असणार. एवढे? काहींनी थट्टा केली, मोबाइलवर विनोद फिरले की बायकांचा काळा पैसा बाहेर आला. मला त्या विनोदांचा तेव्हाही राग आला होता, अजून येतो. पैसा बदलतो तेव्हा सरकारला काय मिळतं ते अर्थशास्त्री सांगतील, पण बाईची पुरचुंडी घरासमोर सुटते एवढं मी सांगू शकते. आता पैसे खात्यात येतात, लाडक्या बहिणीचे पंधराशेही खात्यातच येतात. मेसेज ज्या फोनवर येतो तो आईच्या बाबतीत दादाकडे असतो.

जिजीचे हाली रुपये तिच्यामागे आईकडे आले. यंदा दिवाळीच्या आधी दादा म्हणाला, वितळवून लक्ष्मीपूजनासाठी चांदीचं ताट करू, नाहीतरी पडूनच आहेत. भाची जेवायची थांबली. वहिनी कधी नव्हे ते सगळ्यांसमोर मुलीच्या बाजूने बोलली. मीही बोलले, जमिनीच्या वेळी नव्हते बोलले तेवढं बोलले. आई काही न बोलता उठली, आत गेली आणि अकरा रुपये आणून भाचीच्या ओंजळीत घातले. दादाने मोजले, अकराच होते. ताटाचा विषय संपला.

भाचीने आता प्रत्येकाला वेगळं पाकीट केलंय, वर हिजरी साल, इसवी सन आणि 'जिजींकडून' असं लिहिलंय. मला जिजीने स्वतः मोजून दाखवले होते तेव्हा ते अठरा होते. बाकीच्या सातांबद्दल आईला मी विचारलेलं नाही.