राहण्यासारखं शहर : खडकीपासून आपल्या सोसायटीपर्यंत

दरवर्षी जून महिना आला की वर्तमानपत्रात एक यादी हमखास छापून येते. जगातील राहण्यास सर्वांत उत्तम शहरांची. लंडनची ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ ही संस्था जगातल्या १७३ शहरांना गुण देते. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा असे पाच विषय असतात. २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे मेलबर्नचा पहिला नंबर होता. २०२२ ते २०२४ व्हिएन्ना पहिले होते आणि २०२५ मध्ये कोपनहेगन पहिले आले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ साली १११ शहरांची अशीच यादी काढली होती, त्यात पुणे पहिले होते.

ही बातमी आली की संध्याकाळी आपल्या गेटजवळच्या बाकांवर चर्चा रंगते. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची मुलगी मेलबर्नला. "इथलं विकून तिकडंच या" असा फोन बहुतेक घरांत येऊन गेला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे एकदमच राहायला आलो. आज काही फ्लॅट विकले गेले आहेत, काहींना बाहेरून कुलूप आहे. यात कुणाचं चुकलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. वय झाल्यावर मुलांजवळ राहावं हे योग्यच आहे. पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची एक सवय असते. नवा निर्णय घेण्याआधी जुना खातेउतारा पाहायचा. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या शहराचा चारशे वर्षांचा उतारा सभासदांपुढे ठेवतो आहे.

बदलीच्या नोकरीत आम्हा बँकवाल्यांच्या घरी शहर तपासण्याची वेगळीच यादी असायची. बदलीची ऑर्डर हातात पडली की पगार, भत्ता याची चौकशी आम्ही करायचो. घरच्या मंडळींचे प्रश्न मात्र ठरलेले असत. नळाला पाणी किती वेळ असतं? शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? रात्री-अपरात्री डॉक्टर मिळतो का? शेजार कसा आहे? पुढे त्या लंडनच्या संस्थेचे पाच विषय वाचले तेव्हा लक्षात आलं, की आपल्या बायकांनी हेच प्रश्न फार आधी आणि फुकटात विचारले होते. फक्त त्यांच्या यादीत पहिला नंबर पाण्याचा होता.

आपल्या शहराची सुरुवातही पाण्यापासूनच आहे. १६१० साली मलिक अंबरने खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसवली. मूळचा इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. जमीन महसुलाची त्याची पद्धत महाराष्ट्रात ‘मलिकंबरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. खडकी म्हणजे नावाप्रमाणेच खडकाळ जागा. शेजारी खाम नदी, पण ती काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. अशा ठिकाणी मोठं शहर वसवायचं तर आधी पाण्याची सोय हवी, हे त्याने ओळखलं. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिकडे जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी नहरीत गोळा करायचं, उताराने शहरात आणायचं आणि खापराच्या नळांतून ठिकठिकाणच्या हौदांत सोडायचं, अशी ही योजना. हीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, वीज नाही, सगळं काम उताराच्या जोरावर. वाटेत पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी मनोरे उभारलेले होते. पुढच्या काळात याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच एक. पाहुणे आले की आपण त्यांना पाणचक्की दाखवतो, पण तिथल्या हौदात पडणारं पाणी कित्येक किलोमीटरवरून जमिनीखालून येतं हे सांगायचं राहून जातं. त्या पाण्यावर दगडी जातं फिरायचं आणि तिथे राहणाऱ्या फकिरांना व विद्यार्थ्यांना पीठ मिळायचं.

राज्यकर्ते बदलले तशी शहराची नावं बदलली. १६१६ साली मोगल फौजेने खडकी लुटली, उद्ध्वस्त केली. तरी शहर पुन्हा उभं राहिलं. मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर नाव दिलं. १६५३ साली दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केलं. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर या नावाला केंद्र सरकारची मान्यता मिळाली.

पण शहर नावाने वसत नाही, माणसांनी वसतं. आपल्या जुन्या मोहल्ल्यांची नावं नीट ऐका. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावं निजामशाहीतल्या मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. मोगलांबरोबर राजपूत आले. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा कर्णपुरा, त्याचा मुलगा पदमसिंह याचा पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंहांचा जयसिंगपुरा. नवरात्रात आपण कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला सहकुटुंब जातो, ती यात्रा एका बिकानेरच्या राजाच्या नावाच्या वस्तीत भरते. आज ज्याला ‘रिलोकेशन’ म्हणतात ते आपल्या गावाला नवीन नाही. उलट हे शहरच बाहेरून आलेल्यांचं आहे. वसवणारा इथिओपियाचा, राहणारे वेरूळ-सिंदखेडपासून बिकानेरपर्यंतचे. आपली सोसायटी तरी दुसरं काय आहे? कुणी परभणीचे, कुणी बीडचे, कुणी जळगावचे, दोन कुटुंबं केरळची.

मग १७६३ साल आलं. निजामाने राजधानी हैदराबादला हलवली. दरबार गेला, त्याच्या मागोमाग सरदार, कारागीर, व्यापारी गेले. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे हे सुभ्याचं आणि मग जिल्ह्याचं शांत गाव होऊन राहिलं. हिमरू विणणारे मागे राहिले, दरवाजे राहिले, मकबरा राहिला. नहरींचं मात्र हळूहळू हाल झालं. खापराचे नळ फुटले, त्यांवर घरं झाली, तोंडं बुजली. माझ्या मते आपल्या शहराचं खरं नुकसान राजधानी गेल्याने झालं नाही. सामाईक वस्तूची देखभाल करणारं कुणी उरलं नाही, त्याने झालं. नहर सगळ्यांची होती, म्हणजे शेवटी कुणाचीच नव्हती.

विसाव्या शतकात गाडी पुन्हा रुळावर आली, तीही टप्प्याटप्प्याने. १९४८ साली १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, ज्याला आपण आजही ‘घाटी’च म्हणतो. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. १९७२ च्या सुमारास सिडकोने नव्या वसाहतीचं काम हाती घेतलं आणि शहर तटबंदीच्या कितीतरी बाहेर पसरू लागलं. १९७६ साली पैठणला जायकवाडीचं धरण पूर्ण झालं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ साली सुरू झालं, महानगरपालिका १९८२ च्या डिसेंबरात आली आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. शिक्षण, आरोग्य, न्याय, रोजगार, पाणी. त्या पाच विषयांपैकी बरेचसे पस्तीस वर्षांत जमा झाले. माणसं आलीच. १९९१ च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आत असलेलं शहर २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेलं. त्या लोंढ्यात आपणही होतो.

आता पाण्याचा हिशेब पाहा. मलिक अंबरने पाणी वरून खाली आणलं. आपण ते खालून वर आणतो. पैठण आपल्यापेक्षा सखल भागात आहे, त्यामुळे गोदावरीचं पाणी सुमारे पन्नास किलोमीटर वीज खर्चून चढवावं लागतं. जुन्या दोन जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या. शहर वाढलं, त्या तेवढ्याच राहिल्या. परिणाम आपण सगळे जाणतो. नळ कुठल्या दिवशी येणार यावर घरातली कामं ठरतात, आणि उन्हाळ्यात गेटवर टँकर उभा असतो. २०२० नंतर २५०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या वाहिनीचं काम हाती घेण्यात आलं, तिच्यावर सगळ्यांची आशा आहे. मुलं "तिकडंच या" म्हणतात त्यात या टँकरचा मोठा वाटा आहे, हे कबूल केलं पाहिजे.

आता त्या यादीतल्या व्हिएन्नाकडे जाऊ, कारण तिथेही गोष्ट पाण्याचीच आहे. १८७३ साली व्हिएन्नाने आल्प्स पर्वतातल्या झऱ्यांचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून शहरात आणलं. १९१० साली अशीच दुसरी वाहिनी झाली. दोन्हींचं पाणी उतारानेच येतं. म्हणजे तत्त्व नहर-ए-अंबरीचंच, आणि आपली नहर त्यांच्या अडीचशे वर्षं आधीची. फरक एवढाच की त्यांच्या वाहिन्या आजही शहराला पाणी पाजतात. त्यांनी डोंगरातली झऱ्यांची जमीन जपली, नळ दुरुस्त ठेवले, आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पैसा बाजूला काढला.

घरांचंही तसंच. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात घरांची भयंकर टंचाई होती. १९२३ मध्ये नगरपालिकेने घरांसाठी खास कर बसवला आणि त्यातून कामगारांसाठी मोठमोठ्या इमारती बांधल्या. १९३० मध्ये उघडलेली ‘कार्ल मार्क्स हॉफ’ ही इमारत एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्यात तेराशेहून अधिक घरं, सामाईक धोबीघर, स्नानगृहं, बालवाड्या, वाचनालय. आजही त्या शहरातली जवळपास निम्मी माणसं नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीतून झालेल्या, सहकारी धरून, घरांत राहतात. आपल्याकडेही हा विचार जुना आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली राव बहादूर तल्माकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांपैकी एक. एकट्याला घर परवडत नाही, दहा जण मिळून परवडतं, हा साधा हिशेब. आपणही तोच केला होता.

म्हणून मला वाटतं, शहर राहण्यासारखं आहे की नाही याचा निकाल लंडनच्या यादीत लागतो तितकाच आपल्या जिन्यातही लागतो. मोठ्या वाहिनीचं काम आपल्या हातात नाही. गच्चीवर पडणारा पाऊस मात्र आपल्या हातात आहे. आज तो पाइपातून गटारात जातो. तो बोअरजवळच्या शोषखड्ड्यात मुरवला तर टँकरचं बिल एकदम शून्य होणार नाही, पण खाली पाणी जाईल. डोंगरपायथ्याला पाणी मुरतं म्हणूनच मलिक अंबरला नहर जमली होती.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, तेच महत्त्वाचं. आदर्श उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम सिंकिंग फंडात जमा करायची असते. वार्षिक सभेत या विषयावर नेहमी कुरकुर होते. "आम्ही इथे राहतच नाही, आम्ही का भरायचं?" हा कुलूपबंद फ्लॅटच्या मालकांचा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्यांना नम्रपणे सांगायचं आहे, की दरबार हैदराबादला गेला तेव्हा नहरीबद्दलही लोक असंच म्हणाले असणार. पंचवीस वर्षांच्या इमारतीला गळती, लोखंडाचा गंज, लिफ्ट, टाक्या हे खर्च आता सुरू होणार. फंड नसेल तर उरलेलेही एकेक करून जातील.

जे मुलांकडे जात आहेत त्यांनी आनंदाने जावं. पण जाताना चावी शेजाऱ्याकडे आणि ई-मेलचा पत्ता सचिवांकडे द्यावा, देखभालीची वर्गणी चालू ठेवावी, आणि शक्य असेल तर फ्लॅट कुलूपबंद ठेवण्यापेक्षा एखाद्या तरुण कुटुंबाला भाड्याने द्यावा. खंडपीठात वकिली करणारे, घाटीत शिकणारे, वाळूजला नोकरी करणारे आजही घर शोधत आहेत. आपणही कधीतरी असेच बाहेरून आलो होतो. आणि व्यवस्थापक समितीत पन्नाशीच्या आतला एकही सभासद नाही, ही उणीव या वर्षी भरून निघावी.

येत्या पावसाळ्याआधी शोषखड्ड्याचा प्रस्ताव मी अंदाजपत्रकासह विशेष सभेपुढे ठेवणार आहे. सर्व सभासदांनी हजर राहावं ही विनंती. रौप्यमहोत्सवानिमित्त आपणा सर्वांना आणि दूरदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांना मनःपूर्वक शुभेच्छा!