वाशिष्ठीत शिरलेली लाँच

रीलमध्ये ते बघितलंय का? हॉलंडचा कालवा, संथ बोट, दोन्ही काठांना गायी, हातात कॉफीचा मग. तिथे १६३२ पासून ॲमस्टरडॅम ते हार्लेम अशी प्रवासी नाव चालायची. काठावरून घोडा चालायचा आणि दोरानं नाव ओढायचा. तीही ठरलेल्या वेळापत्रकानं!

आता लालबाग-परळला या. इथल्या गिरणी कामगारांच्या घरातही अशा संथ जलप्रवासाच्या गोष्टी आहेत, फक्त त्याला सहल कोणी म्हटलं नाही. त्याला म्हणायचे ‘गावाला जाणं’.

भाऊच्या धक्क्यावर वळकटी, ट्रंक, पोरंबाळं घेऊन आगबोट पकडायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं घेत ती खाली जायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. समुद्रातच उभी राहायची, मग हलत्या पडावात उतरायचं. म्हातारी आजी, कडेवर पोर, हातात ट्रंक... विचार करा!

चिपळूणकडच्या चाकरमान्याची खरी मजा दाभोळला सुरू व्हायची. तिथून छोटी लाँच वाशिष्ठीच्या खाडीत शिरायची. मागे अंजनवेलचा गोपाळगड, दोन्ही बाजूंना कांदळवन, मध्येच नारळाची बाग, एखादी मशीद, एखादं देऊळ. पुढे पाणी अरुंद होत जातं, डोंगर जवळ येतात. चिखलावर ऊन खात पडलेली मगर आजही दिसते. शेवटचं बंदर गोवळकोट, म्हणजे चिपळूणच्या वेशीवरच.

इथे हॉलंडशी एक मोठा फरक आहे. तिकडे कालव्याला दरवाजे, पाण्याची पातळी माणूस ठरवतो. आपल्याकडे ती चंद्र ठरवतो! भरतीबरोबर वर जायचं, ओहोटी लागली की गाळात रुतायची भीती. त्यामुळे घाई करून उपयोगच नसे. डबा सोडा, गप्पा मारा.

पण हे सगळं गोड-गोड नव्हतं हं. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात गिरगाव-परळची बरीच होती. किती चाळींत त्या अमावास्येला दिवा लागला नसेल! कोकणातली जुनी माणसं समुद्राला हात जोडूनच बोटीत पाय ठेवायची, ते उगाच नाही.

मग एसटी आली, रस्ते झाले, आगबोटी बंद पडल्या. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून सुरू आहे, त्यावर मी बोलत नाही, तुमच्या कमरेला विचारा.

गंमत म्हणजे २०१६ च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात २८ वा कुठला? दाभोळ खाडी-वाशिष्ठी! साधारण ४५ किलोमीटर. कागदावर आजीची ती वाट आता ‘राष्ट्रीय’ आहे. दाभोळला गेलात तर धोपाव्याला जाणारी फेरीबोट मिळेल, गाडीसकट. ती खाडी आडवी ओलांडते आणि काही मिनिटांत पलीकडे पोचवते. तेवढ्या वेळात डावी-उजवीकडे बघा, आणि खाडी जिकडे आत वळते, तिकडे गोवळकोट.