म्हातारपणाची भाकरी : निवृत्तिवेतनाच्या कायद्यांची कहाणी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा पाककृती लिहावी की देवस्थानाची माहिती, असा विचार पुष्कळ केला. परंतु दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या आळीत जो एक शब्द घरोघर ऐकू येतो त्याविषयी आपण कधीच लिहीत नाही, असे लक्षात आले. तो शब्द म्हणजे पेन्शन. नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त झालेल्यांची घरे आहेत, ओझरच्या विमान कारखान्यातली आहेत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली आहेत, आणि ज्यांना कसलेच पेन्शन नाही अशीही आहेत. एकाच गल्लीत एका आजींना महिन्याला पंचवीस हजार, दुसरीला हजार आणि तिसरीला काहीच नाही, हे कसे झाले? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचून, विचारून, जाणत्यांकडून समजावून घेऊन जे कळले ते येथे मांडते.

पेन्शन ही गोष्ट मराठी माणसाला प्रथम मोठ्या प्रमाणावर कळली ती पेशवाई बुडाल्यावर. १८१८ साली दुसरे बाजीराव इंग्रजांना शरण गेले आणि वर्षाला आठ लाख रुपये घेऊन ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. १८५१ साली ते वारले. मागे विधवा होत्या, दत्तक पुत्र नानासाहेब होते. त्यांनी ते वेतन पुढे चालू ठेवण्यासाठी अर्ज केले, विलायतेपर्यंत माणूस पाठविला. पण ते वेतन बाजीरावांपुरतेच होते असे सांगून कंपनी सरकारने नकार दिला. पुढे १८५७ साली काय झाले ते आपण शाळेत शिकलोच आहोत. आपल्या विषयापुरता बोध एवढाच की, त्या काळी पेन्शन ही देणाऱ्याची मर्जी होती. घेणारा गेला की मर्जीही संपली. मागच्यांनी काय खावे हा प्रश्न देणाऱ्याचा नव्हता.

इंग्रजी राज्यात १८७१ साली पेन्शनचा कायदा झाला. त्यात एक गोष्ट चांगली होती. निवृत्त माणसाच्या सरकारी पेन्शनवर सावकाराला कोर्टामार्फत जप्ती आणता येत नसे. परंतु पेन्शन हा माणसाचा हक्क आहे असे काही तो कायदा म्हणत नव्हता.

तिकडे युरोपात याच सुमारास विचार बदलू लागला होता. जर्मनीत १८८९ साली कामगारांच्या वार्धक्याचा विमा कायद्याने सुरू झाला. वय ठेवले होते सत्तर! इंग्लंडात १९०८ साली कायदा झाला आणि १९०९ पासून सत्तरीच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. अमेरिकेत १९३५ साली कायदा झाला, पण तो कमावणाऱ्यापुरता होता. घर सांभाळणाऱ्या बायकोचा आणि मागे राहणाऱ्या विधवेचा वाटा त्यात १९३९ च्या दुरुस्तीने घातला गेला. हे साल मी मुद्दाम सांगते आहे. कायदा आधी पुरुषासाठी होतो आणि बाईची आठवण मागाहून होते, हे काही आपल्याच देशात घडले असे नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. नाशिकरोडला १९२५ च्या सुमारास इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ साली नोटांची प्रेस. पोस्टाची तिकिटे, स्टॅम्पपेपर आणि नोटा येथे छापल्या जाऊ लागल्या. शेतीवर पोट असलेल्या आसपासच्या खेड्यांतली मुले सरकारी नोकरीत लागली. शेतकऱ्याला निवृत्ती नसते. हातपाय चालतात तोवर नांगर, मग ओसरी. प्रेसच्या माणसाला मात्र ठरल्या वयाला घरी बसायचे आणि दरमहा पैसे घ्यायचे, ही आपल्या भागाला नवीन गोष्ट होती.

परंतु तो माणूस गेल्यावर त्याच्या बायकोचे काय? स्वातंत्र्य मिळाले, घटना झाली. घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपणी व आजारपणी सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे लोकांना साहाय्य करावे असे मार्गदर्शक तत्त्व घातले गेले. १९५० च्या नियमांत केंद्र सरकारी नोकराच्या कुटुंबाला पेन्शनची सोय झाली, पण ती थोड्या ठराविक वर्षांपुरती. म्हणजे बाईने त्या वर्षांनंतर जगू नये अशीच जणू अपेक्षा! १ जानेवारी १९६४ पासून नवी योजना आली आणि विधवेला हयातभर पेन्शन मिळू लागले. त्यासाठी नोकराला आपल्या ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांचा पगार सोडावा लागे. २२ सप्टेंबर १९७७ पासून ही अटही गेली.

तरीही एक मोठी फट राहिलीच. १९६४ च्या आधी ज्यांचे यजमान निवृत्त झाले किंवा वारले त्या बायकांना यातले काहीच लागू नव्हते. शेजारी शेजारी दोन विधवा; एकीचे यजमान १९६३ च्या डिसेंबरात निवृत्त झाले, दुसरीचे १९६४ च्या जानेवारीत. काम तेच, खाते तेच. एकीला जन्मभर पैसे आणि दुसरीला रिकामा हात! अशा विधवाच मग सर्वोच्च न्यायालयात गेल्या. श्रीमती पुन्नमल यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो. ३० एप्रिल १९८५ रोजी निकाल लागला आणि त्या जुन्या विधवांनाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले, तेही २२ सप्टेंबर १९७७ पासूनचे. तोवर त्यांतल्या कित्येक सत्तरीच्या पुढे गेल्या असतील, कित्येक वारल्याही असतील.

या निकालाचा पाया घातला गेला होता तो १७ डिसेंबर १९८२ रोजी. नकारा नावाचे एक निवृत्त अधिकारी आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले होते. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना कमी पेन्शन आणि नंतरच्यांना जास्त, हा भेद का, असा त्यांचा प्रश्न होता. पाच न्यायाधीशांपुढे खटला चालला. त्यांत सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर हे आपले मराठी न्यायाधीशही होते. निकाल न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिला. त्याचे सार असे की, पेन्शन ही सरकारची कृपा नव्हे, खैरातही नव्हे. माणसाने उमेदीच्या वर्षांत जे कष्ट केले त्यांचा तो मोबदला आहे, आणि उतारवयात त्याला मानाने जगता यावे म्हणून तो आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर लोक आपला दिवस म्हणून पाळतात. बाजीरावांच्या काळी जी मर्जी होती तिचा हक्क व्हायला दीडशेहून जास्त वर्षे लागली.

हे झाले सरकारी नोकरांचे. कारखान्यातल्या कामगारांची कहाणी वेगळी आहे. त्यांच्यासाठी १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे आपण ज्याला फंड म्हणतो त्याचा, कायदा झाला. आरंभी तो कापड, सिमेंट, कागद, लोखंड अशा सहाच धंद्यांना लागू होता. फंडात कामगाराचा वाटा आणि मालकाचा वाटा जमे आणि निवृत्तीला एकरकमी हाती पडे. आता एकरकमी पैशाचे आपल्या घरात काय होते ते मी सांगायला नको. मुलीचे लग्न, मुलाचा धंदा, गावाकडच्या घरावरचे पत्रे, आणि दोन वर्षांत डबा रिकामा. १९७१ साली कामगाराच्या कुटुंबासाठी पेन्शन आले, पण ते तो नोकरीत असतानाच वारला तर. खुद्द कामगाराला दरमहा पेन्शन मिळू लागले ते १६ नोव्हेंबर १९९५ च्या योजनेने.

हिशेब असा होता : पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पण हा पगार खरा पगार नव्हे, योजनेत धरलेला. समजा तीन हजार धरला आणि नोकरी पंधरा वर्षांची, तर पंचेचाळीस हजार भागिले सत्तर, म्हणजे सुमारे ६४३ रुपये. विधवेला साधारण त्याच्या निम्मे. त्यात महागाईभत्ता नाही. सरकारी पेन्शन महागाईबरोबर वाढत गेले आणि कारखान्याचे जिथल्या तिथे राहिले. गल्लीतल्या दोन आजींमधला फरक आला तो येथून. कमी-अधिक कष्टांमुळे तो पडलेला नाही, तो कायद्याच्या दोन वाटांमुळे पडला आहे.

या फरकाविरुद्ध मागणी झाली ती थेट राज्यसभेपर्यंत पोहोचली. तेथील याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, २०१३ साली शिफारस केली की किमान पेन्शन तीन हजार करावे आणि त्याला महागाईभत्ता जोडावा. सरकारने १ सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम ठरविली ती एक हजार. त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी आकडा तोच राहिला. या दहा वर्षांत तेलाच्या डब्याचे आणि गॅसच्या सिलिंडरचे काय झाले हे आपणा बायकांइतके कोणाला ठाऊक? आपल्या महाराष्ट्रात बुलढाण्याला २४ डिसेंबर २०१८ पासून या वृद्ध पेन्शनरांनी साखळी उपोषण आरंभिले. साडेसात हजार रुपये, महागाईभत्ता आणि नवराबायको दोघांना औषधोपचार ही त्यांची मागणी. ज्या वयात नातवंडांना गोष्टी सांगायच्या त्या वयात मंडपात बसण्याची पाळी आली.

आपल्या जिल्ह्यातील विड्या वळणाऱ्या बायकांची हकीकत तर सांगितलीच पाहिजे. सिन्नरच्या आणि नाशिकच्या कितीतरी घरांत बायकांनी मांडीवर सूप घेऊन आयुष्यभर विड्या वळल्या. पाने आणि तंबाखू घरी आणायची, वळून द्यायच्या, मोजून पैसे घ्यायचे. १९७७ साली विडी धंद्याला फंडाचा कायदा लागू झाला. तेव्हा मालक लोक म्हणू लागले की, घरी बसून वळणाऱ्या या बायका आमच्या कामगारच नव्हेत! १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घरी काम करणारीही कामगारच आहे आणि तिचाही फंड कापला पाहिजे. घरात बसून केलेले काम हेही काम, असे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला सांगावे लागले. हा निकाल प्रत्येक बाईने लक्षात ठेवावा असा आहे.

ज्यांचा कोणीच मालक नाही त्यांचे काय? १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने निराधार वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपये सुरू केले. पुढे ते २०० झाले. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. राज्याने आपली भर घालून २०२३ साली ही मदत १५०० रुपयांपर्यंत नेली. आपण स्वतः पैसे भरून पेन्शन मिळविण्याची अटल पेन्शन योजना २०१५ साली आली, असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना २०१९ साली आली. दोन्ही चांगल्या आहेत. पण दोन्हींत शिरण्याचे वय अठरा ते चाळीस! मुले हाताशी येऊन बाईच्या गाठीला चार पैसे शिल्लक पडू लागतात ते बहुधा चाळिशीनंतर. आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांनी दारात उभे राहून नुसते आत पाहायचे. ही वयाची अट बदलावी अशी मागणी महिला मंडळांनी करायला हवी, असे मला वाटते.

शेवटी घरच्या आधाराविषयी. १९८७ साली आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याने प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून मुलांकडून दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते करून देणे रद्दही करता येते. दहा हजारांची मर्यादा काढावी, आणि जबाबदारीत सून व जावई यांनाही धरावे, असे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही संपले. सुनेचे नाव त्यात होते म्हणून काहींना ते खटकले असेल. पण जी आज सून आहे तीच उद्या सासू आहे, हे कोणत्या घरात सांगावे लागते?

भगिनींनो, या साऱ्या कहाणीत मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. कायदा कोणाच्या मनात दया आली म्हणून पुढे सरकला नाही. कोणीतरी अर्ज केला, कोणी न्यायालयात गेले, कोणी मंडपात बसले, तेव्हा तो एक पाऊल सरकला. आणि बाईचे नाव त्यात बाईनेच दार ठोठावले तेव्हा आले. पण कायद्यात आलेले पैसेही कागद नीट नसले तर हाती पडत नाहीत. यजमानांच्या पेन्शनच्या कागदावर आपले नाव आहे काय, ते आधारकार्डावरच्या नावाशी जुळते काय, दोघांचे मिळून बँकेत खाते आहे काय, एवढे तरी प्रत्येकीने यजमान हयात असतानाच पाहून घ्यावे. ते विचारण्यात अशुभ काही नाही. कुंकू लावणाऱ्या बाईने पेन्शनचा कागद पाहू नये असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही!

सरकारी पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या महिन्यात एक दिवस मंडळाच्या जागेत जाणत्या मुली बसवून आळीतल्या आजींचे दाखले व कागद पाहून द्यावेत, अशी सूचना मी येथे करते. हळदीकुंकवाला आपण शंभर जणी जमतो. या कामाला दहा जणी पुरतील.

मंडळाची अशीच भरभराट होवो, ही श्रीकाळारामचरणी प्रार्थना.